गेरूची तारीख

आमच्या उपकेंद्राच्या मागे सिमेंटचा एक लहान हौद आहे. त्यात गप्पी मासे आहेत. मी हौदाजवळ गेले तर मासे आपले इकडेतिकडे हिंडत राहतात. पण काका बीपीच्या गोळ्या न्यायला आले आणि हौदाशी टेकले, की ते ज्या कडेला उभे असतील त्या कडेला सगळे मासे गोळा होतात. काका खाली बघतसुद्धा नाहीत. ते चालत नळापाशी गेले की मासेही नळापाशी. आमची आशाताई हे पाहून एकदा पदर तोंडाला लावून आत पळाली. मी तिला समजावलं, की काकांनी इतकी वर्षं माशांना खायला घातलंय, माशांना त्यांची सावली ओळखीची असेल. तिला ते पटलं. मला पटलेलं नाही, कारण गप्पी मासा दोन-अडीच वर्षांच्या वर जगत नाही आणि काकांना रिटायर होऊन चार वर्षं झाली. हे मासे काकांनी खायला घातलेले मासे नव्हेतच.

काका म्हणजे आमच्या गावचे आरोग्यसेवक. श्रीरामपूरपासून आत, पाटाच्या कडेला वसलेल्या या उसाच्या गावात मी नर्स म्हणून पहिल्या नेमणुकीवर आले, तेव्हा त्यांची नोकरी सरत आली होती. उंच, काटकुळा माणूस. भर वैशाखातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटापर्यंत बटणं लावलेली. मोटरसायकलच्या हँडलला सुतळीने बांधलेली काचेची बरणी, आणि बरणीत मासे. पाणी हिंदकळू नये म्हणून ते गाडी इतकी हळू चालवायचे, की शाळेच्या पोरी सायकलवरून त्यांच्या पुढे जायच्या आणि मागे वळून हसायच्या. काकांचं लक्ष रस्त्यापेक्षा बरणीकडे जास्त. त्यांना आजवर अपघात कसा झाला नाही, हे मला कोडंच आहे.

त्यांचं काम सोपं होतं आणि कुणालाच आवडत नव्हतं. घरोघर जायचं, तापाच्या माणसाचं बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, पाण्याच्या हौदात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधायच्या, आणि आठवड्यातून एकदा घरातली सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायला लावायची. त्याला कोरडा दिवस म्हणतात. घर तपासून झालं की दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकायची आणि खाली सही करायची. मी पाथर्डीकडची. आमच्याकडे टँकर येतो तेव्हा लोक जेवणावरून उठून धावतात. भरलेला हौद ओतून द्या, असं मी माहेरी कुणाला सांगितलं असतं तर आईने मलाच ओतून दिलं असतं. इथे मात्र काकांच्या मागे फिरून मला तेच सांगायचं होतं.

कुणाच्याही घरात शिरलं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"घरात जेवायला किती जन?"

"आमी सात. सासूबाई धरून."

काका हौदावर वाकायचे, बॅटरी मारायचे. "आन हे दोन-अडीचशे?"

बाई वाकून बघायची. अळ्या उजेडाला भिऊन वळवळत तळाशी जायच्या.

"ही बी तुमच्याच घरात जेवनार हायेत," काका म्हणायचे. "चार-सहा दिस थांबा. ताट वेगळं मांडायला नको. तुमीच ताट."

बाया चिडायच्या. 'मेल्याच्या जिभेला हाड न्हाई,' असं एकीने माझ्यासमोर म्हटलेलं मला आठवतं. पण त्या दिवशी ती हौद घासायची, हेही खरं.

कोण कुणाला खातं, या एका विषयावर हा माणूस चोवीस तास बोलू शकत होता. दुपारी आम्ही डबे उघडले की यांची सुरुवात. ज्वारीवर पाखरू, पाखरावर साप, सापावर मुंगूस, आणि शेवटी सगळ्यांवर मुंग्या. भाकरीचा तुकडा मोडून हातात धरायचे आणि विचारायचे, "ह्यो कुनाच्या तोंडातला काढून आनलाय, म्हाईत हाय का?"

"काका, जेवू द्या," मी म्हणायचे.

"जेवा, जेवा. पन आपून कुनाच्या ताटात हाय ते बघून जेवावं मानसानं."

एकदा असंच जेवताना माझ्या कोपराशी डास बसला. मी हात उगारला. काकांनी माझं मनगट पकडलं. ज्या माणसाने उभी हयात डास मारण्याचा पगार घेतला, त्याने.

"पिऊ द्या," ते हळूच म्हणाले. "मादी हाय ती. नर झाडाचा रस पितो. रक्त मादीच पिती, आन ती बी स्वतःसाठी न्हाई. अंड्यांसाठी. तुमचं रक्त आता तिच्या लेकरांत जानार."

डासाचं पोट तांबडं फुगत गेलं आणि तो जड होऊन उडाला. काका त्याच्याकडे बघत होते ते कौतुकाने, पाहुणी जेवून उठल्यावर घरची बाई बघते तसं. मी डबा झाकला आणि म्हटलं, काका, तुम्ही रजा घ्या थोडे दिवस. ते म्हणाले, रजा घेऊन करू काय?

टीसीएलच्या बाबतीत मात्र ते फार कडक होते. टीसीएल म्हणजे पाण्यात टाकायची जंतू मारायची पावडर, तिचा वास नाकात शिरला की दिवसभर जात नाही. पहिल्याच आठवड्यात मी टीसीएलचं पाकीट त्यांच्या पिशवीत माशांच्या बरणीशेजारी ठेवलं. काका सगळ्या केंद्रासमोर माझ्यावर ओरडले. "मासं आन टीसीएल येका पिशवीत न्हाई ठेवायची! वासानं मरत्यात ती! तुमाला शिकवलं काय कॉलेजात?" मी रडकुंडीला आले. थोड्या वेळाने त्यांनी मला चहा आणून दिला आणि माफी मागितली. माफी मागताना डोळ्यांत पाणी होतं, ते मला त्या वेळी जरा अतिच वाटलं.

दुसऱ्या एका दिवशी आम्ही शाळेच्या टाकीत मासे सोडले. आम्ही तिथे असतानाच विजेच्या तारेवरून खंड्या खाली झेपावला आणि एक मासा चोचीत घेऊन गेला. मास्तर "हाड, हाड" करत धावले. काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि खंड्या उसाच्या पलीकडे दिसेनासा होईपर्यंत तसेच उभे राहिले.

"गेली," ते म्हणाले.

"कोण गेली?"

"न्हाई. मासळी."

हे सगळं मी विक्षिप्तपणात जमा करत होते. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली की माणूस थोडा वाकडा होतोच, असं माझं मत. मग एक दिवस महिन्याच्या अहवालावर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेले.

घर गावाच्या शेवटी, पाठीला उसाचा फड. दाराशेजारी गेरूची खूण होती. तारीख आणि खाली सही. गेरू ताजा, लालभडक, कालच लावल्यासारखा. तारीख मात्र सहा वर्षांपूर्वीची. मी दोनदा वाचली. अक्षरांच्या कडा जाड झाल्या होत्या, एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा गिरवल्यावर होतात तशा. बाकी गावात दर आठवड्याला नवी तारीख पडायची. या भिंतीवर दर आठवड्याला जुनीच तारीख नवी होत होती.

काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांच्या मांडीशी सुई-दोरा खोचलेला पांढरा रीळ होता. "मागं हायेत," त्या म्हणाल्या. "जावा. पन जाळीला हात लावू नका."

मागे बोरीचं झाड होतं, झाडाखाली दगडी कठड्याचा जुना हौद. बोरीच्या फांदीला मच्छरदाणी टांगलेली, तिच्या कडांवर चहूबाजूंनी विटा ठेवलेल्या. आत एक फुटका रांजण, एक स्टूल, आणि स्टुलावर काका, उघडे, डोळे मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बसलेले. आपण मच्छरदाणीत बसतो ते डास बाहेर राहावेत म्हणून. काका बसले होते ते डास आत राहावेत म्हणून. जाळीला आतून डास चिकटलेले होते. हातांवर होते. गळ्यावर होते. दुपारच्या शांततेत ती बारीक गुणगुण मला दहा पावलांवरून ऐकू येत होती.

"हालू नका, सिस्टर," डोळे न उघडता ते म्हणाले. "तिचं जेवन चाललंय."

मी तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने काका रांजणातून चहाच्या गाळणीने अळ्या काढून, वाटीत घेऊन, वीट सरकवून बाहेर आले. वीट लगेच परत ठेवली. आणि मग हौदापाशी उभं राहून, अंगात शर्ट घालता घालता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात इतक्या साध्या आवाजात त्यांनी मला सांगितलं.

त्यांना एक मुलगी होती, तिसरीत. सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला ताप आला. डेंग्यू. श्रीरामपूरला नेली, तिथून नगरला. पाचव्या दिवशी गेली. तिला माती देऊन घरी आल्यावर त्यांनी बॅटरी घेऊन घरच्याच हौदात पाहिलं, तर आत अळ्या होत्या.

"मी ओतायला निघालो हुतो," काका म्हणाले. "हौदाचा बोळा हातात धरला. आन मग ध्यानात आलं. तिला चावलेल्या मादीनं ही अंडी घातली. तिच्या रक्तावर. म्हंजे ह्यात ती हाय. आता हिला गटारीत कशी सोडू? म्हनून मासं सोडलं. माशांनी अळ्या खाल्ल्या. ती माशांत गेली. तवापून मी हौद धुतला न्हाई."

त्यांनी वाटी कलंडली. काळ्या-हिरव्या पाण्यात मासे वर आले. इतके, की पाणी दिसेना.

"काका," मी म्हटलं, "सहा वर्षं झाली. ते मासे कधीच मेले असतील."

"मेलं. पन गप्पी सोताचीच पिल्लं खातो, सिस्टर. आन मेलेला मासा बी बाकीची खात्यात. बाहेर काय बी जात न्हाई. ती हितंच ऱ्हाती." मग म्हणाले, "निस्तं पीठ टाकून भागलं असतं. पन परक्याचं कशाला? बापाच्या रक्तावर वाढल्याली बरी."

तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावाला मासे याच हौदातून गेले होते. आमच्या उपकेंद्रालाही.

मी हे वर कळवायला हवं होतं. डास पाळणारा आरोग्यसेवक! चौकशी लागली असती. पण सही घेऊन मी निघाले आणि कुणाला काही बोलले नाही. ते चुकलंच माझं. त्यानंतर गावात तापाचा एकेक रोगी निघाला की त्याचं घर काकांच्या घरापासून किती लांब आहे ते मी आधी मोजायचे. काकांचंही काही बरं नव्हतं. चेहरा पांढुरका, चालताना धाप. मी त्यांचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फार खाली. डास कितीही चावले तरी माणसाचं एवढं रक्त पीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. काका जेवतच नव्हते. कोण कुणाला खातं याचा विचार करता करता त्यांचं खाणं सुटलं होतं.

पावसाळा तोंडावर आला आणि काकू उपकेंद्रात आल्या. बाकी बाया जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या,

"सिस्टर, रोज सुई-दोरा घिऊन मी ती जाळी शिवती. रोज येक तरी भोक सापडतं. येखांद्या दिशी न्हाई सापडलं तर? शेजारची सून पोटुशी हाय. तिला काय झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

"तुम्ही काकांना सांगा ना."

"सांगनारी मी कोन?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दहाव्याला कावळा शिवला न्हाई, तवापून हे आसं. नदीवर गेल्तो. पिंड ठिवला. तिला आवडायची म्हनून बर्फी ठिवली. कावळं हुतं, पिंपळावर बसल्यालं. येक बी खाली उतरना. कुनी म्हनलं सायकल कबूल करा, कुनी म्हनलं तिच्या नावानं शाळंत दप्तरं वाटतो म्हना. समदं म्हनलं. दुपार टळली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. घरी आल्यावर हे म्हनलं, ती गेलीच न्हाई. हितंच हाय कुटंतरी." त्यांनी डोळे पुसले. "हौद माझं मानूस खातोय, सिस्टर. तुमी कायतरी करा. माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

काका ट्रेनिंगला नगरला जाणार होते तो दिवस आम्ही धरला. कागदावर आता अहिल्यानगर लिहितो, पण एस.टी.चा कंडक्टर अजून नगरच ओरडतो. पहिल्या गाडीने ते गेले आणि मी बादलीत टीसीएल कालवून घेऊन त्यांच्या घरी गेले. आधी मच्छरदाणी उदबत्त्या, कडुनिंब आणि आणखी कशाकशाच्या धुराने भरून टाकली. डास खाली पडले. रांजण कलंडला. ओल्या मातीत अळ्या वळवळल्या आणि पाच मिनिटांत मुंग्यांची रांग लागली. मग हौद.

मी बादली ओतत होते तेव्हा काकू समोरच्या कडेला उभ्या होत्या. सहा वर्षांत त्या हौदाजवळ पहिल्यांदाच आल्या असाव्यात. पाणी ढवळलं गेलं, वास उठला, आणि मासे वर आले. माझ्या बाजूला पाणी मोकळं होतं. सगळे मासे काकूंच्या बाजूला गेले. कठड्याला तोंडं लावून, एकावर एक, तोंडं उघडत-मिटत. काकू आधी नुसत्या बघत राहिल्या. मग कानांवर हात ठेवून घरात गेल्या. आवाज तर कसलाच नव्हता.

थोड्या वेळाने पाण्यावर पांढरी पोटं दिसू लागली.

ट्रेनिंग अर्ध्यावर संपलं म्हणून काका दुपारच्याच गाडीने परत आले. मी हात धूत होते. त्यांनी फाटक उघडलं आणि तिथेच थांबले. वास त्यांना तिथेच आला असणार. मला वाटलं ओरडतील, मारायला धावतील. मी तयारीही ठेवली होती, माणसांची, रोगाची, कायद्याची सगळी कारणं पाठ केली होती. काका सरळ मागे आले, खिशातली गाळणी काढली आणि एकेक करून मेलेले मासे उचलायला लागले. कठड्यावर ओळीने मांडत गेले. कठडा भरला. मग दोन पावलं मागे सरले आणि हात जोडून उभे राहिले. नदीवर, पिंड ठेवल्यावर मागे सरतात, तसे.

बोरीवर कावळे होते. चार-पाच. मान वाकडी करून बघत होते.

काकू दारातून येऊन उभ्या राहिल्या. आम्ही तिघं उभे. कावळे हलेनात. उसात वारा शिरत होता आणि पात्यांची सळसळ तेवढी होती. उन्हं कलली. एरवी सुकट वाळत घातली तर कावळा हाकलूनही जात नाही. इथे एवढे मासे उघड्यावर, आणि कावळ्याचा पाय फांदीवरून सुटत नव्हता.

"मी टाकली टीसीएल," मी म्हटलं. "काका, मी टाकली."

काकांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊकच होतं. कावळे तसेच.

"अवो," काकू म्हणाल्या. मग एकदम, दम लागल्यासारख्या, "त्या हप्त्याला हौद मी धुतलाच न्हवता. अंगात कसकस हुती. तुमी इचारलं तर म्हनलं, धुतला. खोटं बोलले मी. दहाव्याला समदं कबूल केलं, सायकल कबूल केली, दप्तरं कबूल केली. ह्येवढं येक बोलले न्हाई."

मी काकांकडे बघायचं धाडस केलं नाही. कठड्यावरच्या माशांकडे बघत राहिले.

"मला म्हाईत हाय," काका म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "हौदाला बुळबुळ हुती. धुतलेल्या हौदाला बुळबुळ नसती. पन ते मला नंतर कळलं. त्या दिशी मी वाकून बघितलंच न्हाई. दीडशे घरांत वाकून बघितलं, बॅटरी मारून, बाया-मानसांना बोल लावून. घरी आलो तर दमलो हुतो. हातात गेरू हुता. बाहेरच्या बाहेर भिंतीवर तारीख टाकली, सही केली, आन जेवायला बसलो." त्यांनी जोडलेले हात सोडले. "पोरीनं वाढलं हुतं मला. त्या दिशी."

काकूंनी तोंडात पदर कोंबला.

बोरीची फांदी हलली. एक कावळा उतरला, कठड्यावर दोन उड्या मारत आला, आमच्याकडे पाहिलं, आणि एक मासा चोचीत धरून उसावरून उडत गेला. मग दुसरा. मग सगळे. फेऱ्यांवर फेऱ्या मारून त्यांनी कठडा रिकामा केला. काका टोपी काढून, मान वर करून, ते उसापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले. मी रडत होते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की भीतीनेही रडत होते.

मग काकांनी बाह्या वर सरकवल्या. कोपरापर्यंत हात चाव्यांच्या खडबडीत डागांनी भरलेले होते. त्यांनी हौदाचा बोळा उपसून काढला. सहा वर्षांचं पाणी बोरीच्या बुंध्याकडे वाहत गेलं. काकूंनी घरातून नारळाची शेंडी आणि राख आणली. दोघं हौदात उतरली आणि घासू लागली. नुसता दगडावर शेंडीचा आवाज. मी बाहेरून पाणी देत राहिले. बुळबुळ निघाली, खालचा दगड दिसला, दगडावर टाकीचे घाव दिसले. सूर्य फडात उतरेपर्यंत हौद कोरडा झाला होता.

काकू ओल्या हातांनी पुढच्या भिंतीपाशी गेल्या आणि जुनी तारीख पुसायला लागल्या. गेरूचे इतके थर होते की तळवा लाल झाला तरी रंग निघत राहिला.

"सिस्टर," काकांनी मला हाक मारली. "पिशवीत गेरू हाय ना? आजची तारीख टाका."

मी भिंतीकडे निघाले.

"अंहं," ते म्हणाले. "आदी हौदात वाकून बघा. बघितल्याशिवाय सही करायची न्हाई."

मी परत आले, बॅटरी लावली आणि कठड्यावरून वाकले. चारही कोपऱ्यांत उजेड फिरवला, तळाशी फिरवला, बोळ्याच्या भोकात फिरवला. काका माझ्या शेजारी उभे होते, आणि ते वाकत नव्हते, मी काय सांगते याची वाट बघत होते.

"कोणी नाही, काका," मी म्हटलं.